‘नाइस’ शोधायला मागवला पाच किलोंचा शब्दकोश

वस्तू : शॉर्टर ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरी, तिसरी आवृत्ती, १९७३ साली नव्याने जुळवलेली. दोन खंड, जुनी प्रत. किंमत १,८५० रुपये, वर २४० रुपये कुरियर. तारे चार.

मी गुहागरला राहते. घराच्या मागल्या अंगाला पाच खोल्या काढल्यात. मुंबई-पुण्याची माणसं येऊन राहतात, दोन वेळ जेवतात, समुद्रावर जातात, आणि परत गेली की मोबाइलवर आमच्याबद्दल दोन ओळी लिहितात. बहिणीचा मुलगा माझ्याकडेच असतो, तो महिन्यातून एकदा त्या वाचून दाखवतो. यंदा मे महिन्याची गर्दी ओसरल्यावर, आगोटीची कामं चालू असताना, मी त्याला म्हटलं, मोज रे, किती जणांनी ‘नाइस’ लिहिलंय. ६३ पैकी ४१ निघाले. नाइस फूड, नाइस प्लेस, नाइस स्टे, नाइस काकू. एकाने तर नुसतं ‘नाइस’ लिहून पुढे अंगठा काढला होता. पहाटे उठून पन्नास मोदकांच्या कळ्या पाडल्या त्या दिवसाचं नाइस, आणि वीज गेली, मिक्सर बंद, म्हणून कुळथाचं पिठलं नि भात वाढला त्या दिवसाचंही नाइस. एका बाईंनी लिहिलं होतं, ‘नाइस रूम, बाथरूम नॉट नाइस.’ त्यातला दुसरा नाइस मला लगेच कळला, कारण त्या बाथरूमची कडी मला माहीत आहे. पहिला मात्र कळेना.

घरात मुलाच्या शाळेतला इंग्रजी-मराठी कोश होता. त्यात काढून बघितलं तर ‘छान, चांगला, सुरेख’. म्हणजे एक रिकामा डबा उघडला तर आतून दुसरा रिकामा डबा निघाला.

मग भाच्याने फोनवर शोधलं आणि हसायलाच लागला. म्हणाला, “मावशी, याचा मूळ अर्थ मूर्ख असा आहे.” मी म्हटलं, काहीतरी सांगू नकोस. त्याने फोन माझ्या हातात दिला. शब्दांच्या व्युत्पत्तीचं एक फुकट संकेतस्थळ आहे, डग्लस हार्पर नावाच्या अमेरिकन माणसाने एकहाती उभं केलेलं. तिथे स्वच्छ लिहिलं होतं. मी वाचत होते तेवढ्यात वारा सुटला, नेटवर्क गेलं, आणि पडद्यावरचं ते वर्तुळ फिरत बसलं. आमच्याकडे जूनपासून सप्टेंबरपर्यंत नेटवर्क म्हणजे पाहुणा. तेव्हाच ठरवलं, हे कागदावर हवं.

नवा कोश परवडणारा नव्हता. ऑक्सफर्डचा मोठा कोश तर वीस खंडांचा आहे, १९८९ चा. तो ठेवायला सहावी खोली काढावी लागेल. त्याची ही धाकटी पाती. धाकटी म्हणायचं, पण दोन्ही खंड मिळून अडीच हजारांवर पानं. आमच्याकडे काजू-बी मोजायचा काटा आहे, त्यावर दोन्ही ठेवले तर काटा पाच किलोंच्या पुढे गेला.

विकणाऱ्याचं नाव घेत नाही. जुनी पुस्तकं फोटो टाकून विकतात, त्यांतला एक. माणूस बोलायला बरा होता, पण त्याने दोन खंड दोन खोक्यांत पाठवले, आणि पहिल्याच्या आधी दुसरा आला. मधे अकरा दिवस गेले. आधी मी चिडले, मग लक्षात आलं की माझं काम दुसऱ्यातच आहे. पहिला खंड ए पासून ‘मार्कवर्दी’पर्यंत आणि दुसरा ‘मार्ल’पासून झेडपर्यंत. म्हणजे एम अर्ध्यात कापलाय. भाजी चिरताना पाहुणे आले की जसा दोडका अर्धा राहतो, तसा. एन दुसऱ्यात. खोकं उघडून, पुठ्ठ्यावरची धूळ पदराने पुसून, उभ्या उभ्या पान काढलं.

आणि काही कळेना.

पहिलीच अक्षरं ‘एम ई’. मी वाचलं ‘मी’, म्हणजे मला. पुढे ‘ओ एफ’. मी वाचलं ‘ऑफ’. मला-चा नाइस? मग एक सुटा ‘एल’. त्यानंतर बारीक अक्षरांची रांग, मधे मधे कट्यारीसारखी एक उभी खूण, आणि आकडे. चार वर्षं मी शाळेत इंग्रजी शिकवलंय, पण हे इंग्रजी निराळंच. खुलासा पहिल्या खंडाच्या सुरुवातीला असतो, आणि तो खंड तेव्हा कुठल्या तरी गोदामात पडलेला. भाच्याला विचारलं असतं तर त्याने सांगितलं असतं, पण मी हट्टाने विचारलं नाही. अकरा दिवस ते पान तसंच उघडं ठेवलं, वर वरवंटा ठेवून.

पहिला खंड आल्यावर गाठ सुटली. ‘एम ई’ म्हणजे मिडल इंग्लिश, मधल्या काळातली इंग्रजी. ‘ओ एफ’ म्हणजे जुनी फ्रेंच. ‘एल’ म्हणजे लॅटिन. आणि कट्यार म्हणजे हा अर्थ मेला. कट्यार दिसली की त्या अर्थाने शब्द आता वापरायचा नाही. आकडे म्हणजे सालं. कोणता अर्थ कधीपासून लिहिलेला सापडतो आणि मेला असेल तर कधीपर्यंत, हे प्रत्येक अर्थाच्या शेवटी. बाकी कोश अर्थ सांगतात. हा कोश अर्थांचे जन्ममृत्यूचे दाखले देतो. माझे चारही तारे या एका गोष्टीला आहेत, बाकीचं पुढे सांगते ते सगळं वजावटीत धरा.

तर नाइस. लॅटिनमध्ये ‘स्किरे’ म्हणजे जाणणं. त्याला पुढे ‘ने’ लावला की नकार. हा ‘ने’ आणि आपला ‘न’ एकाच घरातले. ‘नेस्किउस’ म्हणजे न जाणणारा, अजाण. फ्रेंचांनी ते तोंडात घोळवून घोळवून ‘नाइस’ केलं, आणि तेव्हा त्याचा अर्थ खुळा, बावळट, गबाळा. तेराव्या शतकाच्या अखेरीला शब्द इंग्रजीत आला तो हेच गाठोडं घेऊन. त्याच ‘स्किरे’पासून सायन्स झालं. म्हणजे सायन्स आणि नाइस ही सख्खी भावंडं, एक जाणणारं, एक न जाणणारं. हे मी आमच्या ह्यांना सांगितलं. त्यांनी अडतीस वर्षं विज्ञान शिकवलं. ते म्हणाले, “प्रत्येक वर्गात दोघंही असायची.”

खुळ्यापासून छानपर्यंत शब्द पोचला कसा, तो रस्ता मात्र बघण्यासारखा आहे. अजाण माणूस बुजरा असतो. म्हणून पुढचा अर्थ भित्रा, लाजरा. लाजरा माणूस कशाला हात लावायला कचरतो. म्हणून नखरेल, हे नको ते नको करणारा. आमच्या सासूबाई बाजारात गेल्या की बांगड्याचे गाल उघडून बघायच्या, वांग्याचं देठ दाबायच्या, निम्मं परत ठेवायच्या. तो अर्थ, चोखंदळ. हा चौदाव्या शतकाच्या शेवटाला दिसायला लागतो. चोखंदळाची नजर बारीक, म्हणून पुढे बारीक, अचूक, काटेकोर. हा सोळाव्या शतकातला. आणि अशा बारीक नजरेला जे पसंत पडतं ते सुखद, आवडण्याजोगं. हा आजचा अर्थ, १७६९ पासूनचा. मायाळू, वागायला बरा माणूस, हा त्याच्याही नंतरचा, १८३० चा. मधे एक अर्थ असाही आहे की तो मी भाच्यासमोर मोठ्याने वाचला नाही. त्याला कट्यार आहे, बरंच झालं.

एवढं हाती लागल्यावर पाऊस सुरू झाला, पाहुणे बंद झाले, आणि आम्हाला एक खेळ मिळाला. भाचा जुने अभिप्राय वाचायचा आणि मी साल सांगायची. ‘नाइस काकू.’ १३०० : बावळट काकू. १४०० : नखरेल काकू. १५५० : काटेकोर काकू, मिठाचा खडासुद्धा मोजणारी. १७७० : आवडली बुवा काकू. १८३० : प्रेमळ काकू. ‘नाइस फूड’ला १५५० लावून बघा. बारीक नजरेने केलेलं जेवण, हाताला हिशेब असलेलं. मोदकाच्या पारीला याहून चांगला अभिप्राय मला अजून मिळालेला नाही. ‘नाइस केअरटेकर’ असं ह्यांच्याबद्दल एकाने लिहिलं होतं. (ते मालक आहेत, पण पंचा नेसून माडाच्या आळ्यात पाणी सोडत होते.) त्याला कोणतं साल लावायचं यावर आमचं एकमत झालं नाही.

हसता हसता मला आमच्या संस्कृतच्या बाई आठवल्या. आठवीत त्यांनी एकदा फळ्यावर दोन शब्द लिहिले होते, मूढ आणि मुग्ध. दोन्ही एकाच ‘मुह्’ धातूचे, मोह त्याच घरातला. दोघांचाही मूळ अर्थ गोंधळलेला, भान हरपलेला, काही न कळणारा. मूढ तिथेच बसून राहिला, आजही मूर्खच. मुग्ध निघाला तो निरागस झाला, मग कोवळा, मग मोहक. काव्यशास्त्रात मुग्धा ही नायिका झाली, आणि आमच्या शेजारच्या घरात परवा बारसं झालं त्या मुलीचं नावही मुग्धा. म्हणजे नाइस जो रस्ता चालला तोच आपल्या मुग्धाने आधीच तुडवला होता. ‘मस्त’चंही तेच. फारसीत मस्त म्हणजे नशेत तर्र. आणि आपण लग्नाच्या पंगतीला सांगतो, मठ्ठा मस्त झालाय.

या कोशात मी शेजारशेजारचे शब्द बघत गेले तर उलटा प्रवासही सापडला. ‘सिली’ म्हणजे आज खुळचट. पण जुन्या इंग्रजीत त्याचा पूर्वज म्हणजे सुखी, भाग्यवान, देवाची कृपा असलेला. तिथून निष्पाप, मग बिचारा, मग दुबळा, मग खुळा. नाइस जिना चढत होता तेव्हा सिली उतरत होता. वाटेत कुठे तरी दोघांची गाठ पडली असणार.

आता खरी गोष्ट सांगते. हा कोश मी परत का केला नाही, आणि पावसाळाभर देव्हाऱ्याशेजारच्या कोरड्या फडताळात का ठेवलाय, त्याची.

आमच्या मामंजींचा भाऊबंदांशी एका गडग्यावरून दावा होता. गडगा म्हणजे जांभ्या दगडांची हद्दीची भिंत, कोकणाबाहेरच्यांसाठी सांगते. पावसात गडगा ढासळला, परत रचला तो हातभर आत की हातभर बाहेर, एवढाच वाद. दावा चालला सात वर्षं. १९६८ साली अपिलाचा निकाल लागला, इंग्रजीत टंकलेला, अकरा पानी. मामंजी हरले. पण त्या निकालात चौथ्या पानावर एक वाक्य होतं. मामंजींच्या वकिलाने जो मुद्दा काढला, त्याबद्दल साहेबांनी लिहिलं होतं, ‘अ नाइस पॉइंट अरायझेस हिअर.’ मामंजींना इंग्रजी मोजकंच येई. पण नाइस येत होता. त्यांनी ते वाक्य तांबड्या पेन्सिलीने अधोरेखित केलं, आणि पुढली वीस वर्षं घरी येणाऱ्या प्रत्येकाला ते दाखवलं. “हरलो, पण साहेब काय म्हणाले बघा. नाइस म्हणाले. मुद्दा नाइस होता.” मी लग्न होऊन आले तेव्हा मलाही दाखवलं होतं. मीही मान डोलावली. मनातून वाटायचं, हरवायचं आणि वर छान म्हणायचं, ही कसली रीत?

कोशात तो अर्थ कट्यारीशिवाय आहे. जिवंत. नाइस : सूक्ष्म, ठरवायला कठीण, बारकाईने तोलून बघावा लागेल असा. वकिली इंग्रजीत आजही ‘अ नाइस पॉइंट ऑफ लॉ’ म्हणतात ते याच अर्थाने. सोळाव्या शतकातला तो बारीक, काटेकोर अर्थ कोर्टात जाऊन बसला आणि तिथून उठलाच नाही. साहेबांनी स्तुती केली नव्हती. साहेब म्हणत होते, इथे केसाएवढा फरक आहे, जपून बघायला हवं. आणि जपून बघून त्यांनी दुसऱ्या बाजूला दिलं.

हे कळलं तेव्हा मी स्वयंपाकघरात एकटी होते. मामंजी जाऊन एकतीस वर्षं झाली. आधी हसू आलं. मग वाटलं, त्यांना हे कळलं असतं तर वाईट वाटलं असतं का? मला नाही वाटत. गडगा हातभर आत की बाहेर यावर माणूस सात वर्षं भांडला, त्याच्या मुद्द्याला सरकारी कागदावर कोणी ‘केसाएवढा बारीक’ म्हणालं, तर त्याला ते छानपेक्षा जास्तच आवडलं असतं. ह्यांना सांगितलं. ते काही बोलले नाहीत, उठून कपाटातून निकाल काढला, चष्मा लावला, आणि चौथं पान परत वाचलं. मग म्हणाले, “बाबांची पेन्सिल कागदाच्या पार गेलीय बघ.” खरंच, मागल्या बाजूने हात फिरवला तर रेघ लागते.

असो. वस्तूबद्दल लिहायचं होतं.

करणाऱ्यांबद्दल थोडं. कोश पहिल्यांदा आला १९३३ साली. त्यातला बहुतेक मजकूर विल्यम लिट्ल या एका माणसाने केला. १९०२ साली सुरुवात, आणि १९२२ साली तो वारला तेव्हा ए पासून टी पर्यंत आणि व्ही एवढं झालेलं होतं. राहिलेल्यातले यू, एक्स, वाय आणि झेड फाउलर नावाच्या दुसऱ्या कोशकाराने केले, डब्ल्यू जेसी कूल्सन या बाईंनी. सगळ्यावर शेवटचा हात फिरवणाऱ्या संपादकाचं आडनाव ओनियन्स. आमच्याकडे हे नाव वाचल्यापासून कोशाला ‘कांद्याचं पुस्तक’ म्हणतात. वीस वर्षं एक माणूस अक्षरामागून अक्षर ओढत राहतो आणि यू शी येऊन थांबतो, हे वाचून मी यू चं पहिलं पान मुद्दाम काढून बघितलं. तिथे काही दिसत नाही. अक्षर तेच, शाई तीच.

मराठी माणसाने दुसऱ्या खंडात आणखी एक शब्द जरूर काढावा : मंगूस, म्हणजे आपलं मुंगूस. इंग्रजीत हा शब्द गेला तो मराठीतून, आणि कोशात तसं लिहिलेलं आहे. आमच्या विहिरीमागे एक जोडी आहे, कोंबडीची अंडी पळवते. आता त्यांच्याकडे बघायची माझी नजर बदललीय. अंडी मात्र अजून जातातच.

आता वजावट. अक्षर मुंगीएवढं. पन्नाशी उलटलेल्याने भिंग घेतल्याशिवाय या वाटेला जाऊ नये. माझं भिंग ह्यांच्या शाळेच्या प्रयोगशाळेतलं, निवृत्तीला मिळालेलं. उच्चार दाखवायची पद्धत जुनी, कोशाची स्वतःची. आता शाळेत ज्या खुणा शिकवतात त्या इथे नाहीत, तेव्हा उच्चारासाठी कोणी घेणार असेल तर घेऊ नये. पन्नास वर्षांत इंग्रजीत जे आलं ते यात नाही, वायफाय शोधू नका. स्थळनामंही नाहीत. फ्रान्समध्ये याच स्पेलिंगचं शहर आहे, नीस, ते ग्रीक विजयदेवतेच्या नावावरून. त्याचा आपल्या नाइसशी काही संबंध नाही, पण हे मला फोनवरूनच कळलं. आणि साखर पेरलेलं, नारळाच्या वासाचं ते नाइस बिस्किट, त्याला नाइस म्हणायचं की नीस, यावर तर विलायतेतही माणसं वाद घालतात. आम्ही दोन्ही म्हणून चहात बुडवतो.

माझ्या प्रतीबद्दल : दुसऱ्या खंडाची शिवण कण्याजवळ सैल आहे, आणि पहिल्या खंडात ‘सी’च्या पानांना कसर लागलेली. फोटोत हे दाखवलं नव्हतं. फोन केला तर विकणारा म्हणाला, “ताई, जुनं पुस्तक आहे, एवढं असणारच.” असेल. पण सांगायला हवं होतं. अर्धा तारा तिथे गेला. उरलेला अर्धा अकरा दिवसांचा. मी पानांत वेखंडाच्या कांड्या ठेवल्यात, दर पंधरा दिवसांनी ऊन दाखवते, सध्या तरी कसर थांबलीय. कोणीतरी आधीच्या मालकाने ठिकठिकाणी पेन्सिलीने बरोबरच्या खुणा केल्या आहेत, बहुतेक परीक्षेसाठी पाठ केलेले शब्द. ‘नाइस’वर खूण नाही. त्याला तो येत असणार.

फोनवर सगळं फुकट मिळत असताना हे घ्यावं का? नुसता अर्थ हवा असेल तर नको. रोजच्या कामाला फोन बरा, मीही तोच बघते. पण एक शब्द काढायला जाऊन चार भलतेच वाचून यायची ज्यांना खोड आहे, त्यांनी घ्यावं. ‘नाइस’ला जाताना मला ‘निम’ लागला. जुन्या इंग्रजीत ‘निमन’ म्हणजे घेणं, त्यापासून ‘निम’, म्हणजे चोरणं. ‘निम्बल’ही त्यातलाच, पटकन उचलणारा तो चपळ. मुंगसाला हा शब्द चांगला लागू पडतो.

मागवणार असाल तर तीन गोष्टी फोनवर आधी वदवून घ्या. दोन्ही खंड एकाच खोक्यात येणार ना. कण्याचा फोटो जवळून पाठवणार ना. आणि कसर. चौथं म्हणजे, पुठ्ठ्याचं खोकं नुसतं सेलोटेपने चिकटवून पाठवतात, पावसाळ्यात आतून प्लास्टिक घालायला सांगा. आमच्याकडे एसटीच्या पार्सलातून उतरवून घेताना खोक्याचा तळ सुटला होता, पोऱ्याने खालून हात लावला म्हणून एम ते झेड चिखलात गेले नाहीत. त्याला वीस रुपये दिले.